समोरचं बाबांचं, बाजूचं माझं

गोठा पाडायला घेतलाय, यायचं असेल तर ये, असा प्रभाकरचा, माझ्या चुलतभावाचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी काढली. एवढ्या उन्हात गोठ्यात काय पाहायचंय, असं घरात विचारून झालं. पासष्टी उलटलेल्या बाईनं एकटीनं गाडी हाणत पारशिवनीकडे जावं हे आमच्याकडे आता कोणाला फारसं पटत नाही. पण गाडीच्या बाबतीत मला काही सांगायला गेलं तर उलटं ऐकून घ्यावं लागतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. कामठी मागे पडली, कन्हानचा पूल ओलांडला, आमडी फाट्याला वळले आणि नेहमीप्रमाणे वेग कमी केला. इतकी वर्षं झाली, त्या वळणावर पाय आपोआप ब्रेकवर जातो.

गोठ्याचं छप्पर उतरवून झालं होतं. कवेलू अंगणात रचून ठेवले होते. भिंती उघड्या पडल्यामुळे गोठा एवढासा दिसत होता. गव्हाणी मात्र तशाच होत्या, आणि कोपऱ्यातल्या गव्हाणीपुढे जमिनीवर पसरलेला तो काळा डागही होता. प्रभाकर म्हणाला, "माती बदलून पाह्यली वं ताई, शेणानं सारवून पाह्यलं. तेल वर येऊनच राह्यते." मी खाली बसले, चिमूटभर माती नाकाशी नेली. शेणाचा आणि जुन्या चुन्याचा वास आला, बाकी कशाचाच नाही. तरी मी बराच वेळ तिथं बसून राहिले. प्रभाकर शहाणा आहे, तो चहा सांगायला म्हणून आत निघून गेला.

त्या डागावर बारा-तेरा वर्षं आमची लँडमास्टर मोटार उभी होती.

बाबा ढोर-डॉक्टर. जबलपूरला शिकून आलेले, नागपूरच्या सरकारी ढोर-दवाखान्यात नोकरीला. घरात शेती सोडून शिकलेला पहिला माणूस. गाडी घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. पण एका म्हाताऱ्या मालगुजाराच्या घोड्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं उपचार केले होते, आणि मालगुजारी गेली, घोडे गेले, तेव्हा त्या म्हाताऱ्यानं ही गाडी बाबांच्या दारात आणून उभी केली. काळपट हिरवा रंग, गोलसर पाठ, पुढची सीट सलग, बाकासारखी, आणि गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या बाजूला. आमच्या गल्लीत तेव्हा एक स्कूटर आणि बाकी सगळ्या सायकली. मी दुसरी-तिसरीत असेन. शाळेतून आले तर दारात ही उभी. मी दप्तर खाली ठेवलं आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. त्या दिवशी जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या, असं आई सांगायची. मला वाटतं, त्याच दिवशी मी कामातून गेले.

तिचा वास अजून नाकात आहे. सीटचं कातडं, पेट्रोल, फिनेल आणि या सगळ्याच्या तळाशी ढोरांच्या अंगाचा उबट वास. बाबा खेड्यांवर जात, तेव्हा अडलेल्या गाईत खांद्यापर्यंत हात घालून आलेले असत. कितीही धुतलं तरी तो वास त्यांच्याबरोबर गाडीत बसायचाच. थंडीत मागच्या सीटवर कोणीतरी प्रेमानं ठेवलेली संत्र्यांची टोपली असे, आणि मग दोन-तीन दिवस गाडी आतून गोड होऊन जाई. सकाळी ती सहजी सुरू होत नसे. बाबा पुढे उभे राहून हँडल मारत. मी आत बसून चोक ओढून धरायची. खर्र, खर्र, खर्र, आणि मग एकदम सगळी गाडी अंग झाडून जागी व्हायची. ते थरथरणं सीटमधून पाठीत चढायचं. लग्न, बाळंतपण, नातवंडं, सगळं पाहिलं मी. पण त्या थरथरीचं सुख वेगळं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बाबांना काचबिंदू आहे हे मला त्यांनीच सांगितलं. रविवार होता. वर्तमानपत्राची सुरळी करून त्यांनी ती माझ्या डोळ्याला लावली, दुसरा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, "काय दिसते?" मी म्हटलं, तुमचं नाक. ते हसले. "मले हे एवढंच दिसते. समोरचं चांगलं दिसते. बाजूचं गेलं." डॉक्टरांनी थेंब दिले होते. जे गेलं ते परत येणार नाही, उरलं ते टिकवायचं, असं सांगितलं होतं. गाडी चालवू नका, असंही सांगितलं होतं, पण ते मला नंतर आईकडून कळलं.

गाडी सोडणं बाबांना जमणारं नव्हतं. रामटेककडून, पारशिवनीकडून निरोप यायचे. गाय अडली आहे, बैल फुगला आहे. एसटीची वाट पाहत बसलं तर ढोर मरतं. शिवाय ज्या गावातून ते अनवाणी शाळेत गेले, त्या गावात ते गाडीनं जात होते. या गोष्टीची किंमत मला तेव्हाही कळत होती. तर मग त्यांनी तोड काढली. सुट्टीच्या दिवशी आणि शाळेआधी-शाळेनंतर मी त्यांच्या शेजारी बसायचं. "समोरचं माझं," ते म्हणाले, "बाजूचं तुझं. जे दिसंल ते सांगत राय वं बाई. चूप नको राहू." आणि एक अट होती. समोर काय आहे त्यावर मी बोलायचं नाही. दोघं एकाच वेळी बोलायला लागले की गोंधळ होतो, बैलाला दोन माणसं हाकायला लागली की तो जागचा हलत नाही, तसं.

म्हणून माझं बालपण गाडीच्या दोन बाजूंना गेलं. डाव्या हाताले सायकलवाला. उजव्या हाताले बैलगाडी, लांब आहे. डाव्या हाताले शेळ्या, पोरगा आहे सोबत. कामठीच्या बाजारातल्या कोंबड्यांच्या पाट्या, कन्हानच्या अलीकडे पहाटे पेटलेल्या कोळशाच्या शेगड्यांचा रस्त्यावर लोळणारा धूर, मार्चमध्ये मोहाखाली वाकलेल्या बाया, जिनिंगच्या फाटकातून उडून काट्यांना अडकलेला कापूस, हे सगळं मी मोठ्यानं म्हणून दाखवत असे. बाबा नुसते "हं" म्हणत. कधी मी एखादी गोष्ट सांगायची म्हणून सांगे, तिच्याशी गाडीचा काही संबंध नसे. डाव्या हाताले दोन बहिणी एका छत्रीत. "हं," बाबा म्हणत, आणि थोड्या वेळानं विचारत, "छत्री काळी का फुलाची?" आम्ही कधी कशाला घासलोही नाही. लोक म्हणत, डॉक्टरची पोरगी भारी बडबडी आहे.

आई त्या गाडीत बसायची बंद झाली. मूळची सावनेरची, जिभेला धार. "डोळे यांचे गेले, अन् जागल पोरीले लावली," ती म्हणायची. देवळात जायचं असो की लग्नाला, ती सरळ रिक्षा करायची. आमची गाडी मागून येऊन तिच्या रिक्षापाशी हळू व्हायची आणि मी ओरडायची, बाबा, डाव्या हाताले आई. आई तोंड फिरवून बसायची. आम्हाला हसू यायचं. आता तिचं ते फिरवलेलं तोंड आठवलं की हसू येत नाही.

पोळ्याला मात्र सगळ्यांनी गावी जायचंच. तिथं मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेती पाहायचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळण. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची, शेकायचं, आणि उद्या जेवायला या असं बैलांना आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यांना काम नाही, चाबूक नाही. आमची गाडी पहिल्यांदा गावात आली ती पोळ्यालाच. मोठ्या बाबांनी लोणी-हळदीचं एक बोट तिच्या बॉनेटलाही लावलं होतं. "हे बी तं वाहूनच राह्यते," ते म्हणाले होते. तेव्हापासून ती रीतच पडली. मोठे बाबा चांद्याला घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. चांद्या म्हणजे त्यांचा लाडका बैल, कपाळावर पांढरा चंद्र असलेला. बाबा गाडी हळूहळू आणत आणि त्याच्या नाकापासून हातभरावर थांबवत. मग एक हॉर्न. चांद्या मान हलवायचा, सगळं गाव हसायचं, आणि मोठी आई, म्हणजे थोरली काकू, एकाच ताटानं दोघांना ओवाळायची, आधी बैलाला आणि मग गाडीला. चांद्या पहिल्या वर्षी बिचकला होता. नंतर तो हॉर्नची वाट पाहत उभा राहायला लागला.

त्या वर्षी आई आदल्या दिवशीच एसटीनं पुढे गेली होती, पुरणाला हात हवेत म्हणून. बाबांना दवाखान्यातून निघायला उशीर झाला. आम्ही दोघं गावाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि सरळ काचेवर येत होतं. तोरण बांधून झालं होतं. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्याचा आवाज लांबून येत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बैलच बैल, झुली, घुंगरं, पोरं. मला बोलायला दम पुरत नव्हता. डाव्या हाताले पोरं, चार-पाच. उजव्या हाताले जोडी उभी, हलत नाही. डाव्या हाताले म्हातारा, टेकून आहे. बाबा हं, हं म्हणत होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती.

समोर मोठे बाबा दरवर्षीसारखे मधोमध उभे होते, हातात चांद्याचा कासरा. मागे मोठी आई ताट घेऊन. मोठे बाबा हसत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाजू पाहायला लागले, कारण समोरचं बाबांचं होतं आणि बाबा नेहमी हातभरावर थांबत. उजव्या हाताले दुसरी जोडी, मी म्हटलं. हं, बाबा म्हणाले. गाडीचा वेग वाढलाही नाही आणि कमीही झाला नाही. मोठ्या बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा जास्तच वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी उडी मारली.

आवाज फार मोठा झाला नाही. ताट पडल्याचा आवाज त्याहून मोठा होता. गाडी बंद पडली आणि झडत्याही थांबल्या, कोणी थांबवल्या कोण जाणे.

बाबा उतरले. बॉनेटला हात लावत लावत ते पुढे गेले, खाली बसले आणि हातानं चांद्याला चाचपू लागले. आधी मान, मग खांदा, मग पाय. हजार ढोरं त्यांनी अशीच तपासली असतील. पण डोळे दुसरीकडेच होते, ते सगळ्या गावानं पाहिलं. "खांद्याचं हाड गेलं," ते म्हणाले. त्यांनी हात उचलला तेव्हा बोटांना आदल्या संध्याकाळचं लोणी-हळद लागलेलं होतं. मोठे बाबा कासरा हातात धरूनच उभे होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "बापू, तुले दिसला नाही काय गा?"

बाबा म्हणाले, "नाही दादा. बरेच दिवस झाले, समोरचंही जाऊन राह्यलं."

ते मलाही तेव्हाच कळलं. म्हणजे गेले कित्येक दिवस समोर कोणीच पाहत नव्हतं. मी बाजू सांगत होते, ते ओळखीच्या रस्त्यानं अंदाजानं गाडी नेत होते, आणि आम्ही दोघं कामठीच्या बाजारातून, पुलावरून, शाळा सुटलेल्या पोरांमधून जाऊन आलो होतो. आई गर्दीतून पुढे आली. मला वाटलं आता ती बाबांना बोलेल. ती बोलली नाही. तिनं मला जवळ ओढलं आणि माझे डोळे पदरानं झाकले.

चांद्या उठला नाही. त्याला कडुनिंबाखाली घेतलं. बाबा रजा टाकून तिथंच बसून राहिले. औषध, पाणी, माश्या हाकणं, कूस बदलणं. उपयोग नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरली, आमच्या दारी एकही आलं नाही. मोठी आई खाऊची परात घेऊन संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात बसून होती. चांद्यानं मान टाकली तेव्हा बाबांचा हात त्याच्या कानामागे होता. मोठ्या बाबांनी पुन्हा जोडी केली नाही. चांद्याची गव्हाण रिकामी झाली होती, चार माणसांनी गाडी ढकलत नेऊन तिथं उभी केली. बाबा म्हणाले, असू दे तिथंच.

आम्ही एसटीनं परतलो. बाबा खिडकीशी, मी शेजारी. फाटा आला तसं सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, बाबा, डाव्या हाताले... त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे आता," ते म्हणाले. कन्हानचा पूल आला, गेला.

नोकरी सुटली. डोळे उरलेसुरले दोन वर्षांत गेले. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसत आणि रस्त्यावरच्या गाड्या आवाजावरून ओळखत. मी मोठी झाले, सीताबर्डीच्या एका मोटार-शाळेत नाव घातलं. आई आठ दिवस बोलली नाही. पुढे नोकरी, संसार, आणि ऐंशीच्या आसपास माझी स्वतःची जुनीपुराणी गाडी. तिच्यातून मी चिखलदऱ्याच्या घाटात गेले, पचमढीला गेले, पावसात, धुक्यात, एकटी, पोरांना घेऊन. स्टेअरिंगवर हात ठेवला की माझ्या डोक्यातलं सगळं शांत होतं. ज्या गोष्टीनं आमच्या घराचं वाटोळं केलं तिच्यावरच माझा एवढा जीव आहे. बाबांना मी किती वेळा म्हटलं, चला बाबा, फुटाळा तलावापर्यंत नेऊन आणते. ते म्हणायचे, तू जाऊन ये. रिक्षात बसत, एसटीत बसत. मोटारीत ते पुन्हा बसले नाहीत.

एकदा सोडून.

मोठे बाबा गेले, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. प्रभाकरला गोठा रिकामा हवा होता. कामठीचा भंगारवाला गाडी घेऊन जाणार असं ठरलं. बाबांना कळलं आणि ते म्हणाले, मले घेऊन चाल. आम्ही एसटीनं गेलो. भंगारवाल्याचा ट्रक अंगणात लागला होता, माणसं दोर काढत होती. मी बाबांना हाताला धरून गोठ्यात नेलं. गाडीच्या छतावर कोंबड्यांची घाण, टायर बसलेले, पुढचा एक दिवा फुटका. बाबांनी हातानं दार शोधलं. ते उघडायला मलाही जोर लावावा लागला. ते आत बसले, चालकाच्या जागी. मी वळसा घालून माझ्या जागी बसले. सीटमधून उंदरांचा वास येत होता. त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, पायांनी चाचपडत क्लच शोधला, ब्रेक शोधला, आणि ब्रेकवर पाय दाबून धरला.

मग म्हणाले, "चांद्याले त्या वर्षी कसा सजवला होता वं? मले कोणी सांगितलंच नाही."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात चांद्याचं नाव निघत नसे. मी सांगितलं. शिंगांना हिंगूळ लावला होता, टोकांना सोनेरी कागद. झूल निळी होती, मोठ्या आईनं स्वतः शिवलेली, तिला कडेनं आरसे. कपाळावरच्या चंद्राला धक्का न लावता भोवतीनं बाशिंग बांधलं होतं. पाठीवर गेरूचे हातांचे ठसे होते, त्यात एक लहान ठसा प्रभाकरचा. गळ्यात नव्या घागरमाळा. बाबा "हं" म्हणत होते, प्रत्येक गोष्टीला. मी थांबले तरी ते थांबले नाहीत, जणू अजून काही राहिलं असावं.

"माझ्याकडे पाहून राह्यला होता काय?"

"हो बाबा," मी म्हटलं. "गाडीकडेच पाहत होता. कान पुढे करून."

बाहेर भंगारवाल्यानं हाक मारली, हो गया क्या. बाबांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"हॉर्नची वाट पाहत असंल," ते म्हणाले. "काहून हलंल मंग तो."